नळीपासून लेझरपर्यंत : कृष्णाकाठच्या लेव्हलची पार्श्वभूमी

सांगलीत नदीच्या अंगाला घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न जोत्याचा येतो. किती उचलायचं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणी मोजायच्या पट्टीवर ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्यानंतर बरेच जण जोत्याची उंची रस्त्यापासून न धरता पुराच्या खुणेपासून धरतात. खूण असते शेजारच्या भिंतीवर, घर उभं राहणार असतं पलीकडच्या गल्लीत. ती खूण मिलिमीटरचा फरक न पडता आपल्या प्लॉटवर आणायची, हे लेव्हलचं काम. आज बहुतेक साइटवर ते भिंतीवर हिरवी आडवी रेषा पाडणारी लेझर करते. मुठीत मावणाऱ्या त्या पेटीमागे साडेतीनशे वर्षांची वाटचाल आहे आणि तिच्यातला मोठा भाग पाण्याला वाट दाखवण्याच्या धडपडीतून आला आहे.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्यावरून भांडणं होतात. आयर्विन पुलावरचा आकडा लेझरने हरिपूरला किंवा नदीच्या वरच्या अंगाच्या गावाला नेता येत नाही. पुराचं पाणी वाहतं असतं, त्याच्या पृष्ठभागाला उतार असतो. लेझर दाखवते ती सपाट पातळी. दोन-तीन किलोमीटरमध्ये या दोहोंतला फरक जोत्याचं सगळं गणित चुकवू शकतो. म्हणून खूण आपल्याच वस्तीतली, जवळात जवळची घ्यावी.

लेझर येण्याआधी गवंड्याकडे ओळंबा होता, पाणसळ होती आणि पाण्याची नळी होती. नळी म्हणजे दहा-पंधरा मीटरचा पारदर्शक पाइप, पाण्याने भरलेला. एक जण एका टोकाला खुणेशी पाणी जुळवून उभा, दुसरा दुसऱ्या टोकाला पाणी स्थिर व्हायची वाट पाहत. जोडलेल्या भांड्यांतलं पाणी एकाच पातळीला येतं, एवढ्या एका नियमावर या भागातली हजारो घरं उभी आहेत. नळीला बॅटरी लागत नाही, ती बिघडत नाही, भिंतीच्या आडूनही पातळी देते. मात्र आत हवेचा बुडबुडा राहिला, मध्ये नळी मुडपली किंवा अर्धी नळी उन्हात आणि अर्धी सावलीत पडली, तर ती बिनबोभाट चुकीचं सांगते. शिवाय दोन माणसं अडकतात. हाताशी माणूस कमी असलेल्या छोट्या ठेकेदाराला हे दुसरं कारण जास्त टोचतं.

मोठ्या अंतरावर पाणी न्यायचं तर नळी पुरत नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरावर कासचा तलाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचं पाणी डोंगराच्या कडेकडेने काढलेल्या उघड्या पाटातून, पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर शहराला आणलं गेलं. त्याच शतकात कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा झाला आणि तिथून निघालेला कृष्णा कालवा वाळवा, पलूस, तासगावकडे गेला. कालव्याचा उतार किती कमी असतो हे आकड्याने पाहिलं की या कामाची नजाकत कळते. १ : ५००० उतार धरला तर एक किलोमीटरमध्ये पाणी फक्त २० सेंटिमीटर उतरतं. उतार जास्त दिला तर पाणी माती खरवडतं, कमी दिला तर गाळ बसतो, मोजणी चुकून उलटा बसला तर पाणी जागीच थांबतं. एवढा सूक्ष्म उतार डोळ्याला दिसत नाही. तो उपकरणानेच धरावा लागतो.

त्या उपकरणाचा गाभा फ्रान्समध्ये तयार झाला. १६६१ च्या सुमारास मेलशिसेदेक थेव्हेनो या अभ्यासकाने काचेच्या बंद नळीत द्रव भरून आत एक बुडबुडा ठेवला. बुडबुडा मधोमध आला की नळी आडवी. शिवकाळ वाचणाऱ्यांना थेव्हेनो हे आडनाव ओळखीचं वाटेल. सुरतेला येऊन गेलेला आणि शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या स्वारीबद्दल लिहून ठेवणारा प्रवासी जाँ द थेव्हेनो हा याच मेलशिसेदेकचा पुतण्या. चुलत्याचा बुडबुडा मात्र भारतात पोचायला बराच काळ गेला आणि आला तो दुर्बिणीवर बसून.

बुडबुडा आणि दुर्बीण एकत्र आल्यावर लांबवर ठेवलेली पट्टी वाचता येऊ लागली. सुरुवातीची उपकरणं अवजड होती, दर वेळी जुळवण्यात वेळ जाई. १८३२ मध्ये विल्यम ग्रॅव्हट हा इंग्रज अभियंता लंडन ते डोव्हर रेल्वेमार्गाची पाहणी करत होता. या कटकटीला कंटाळून त्याने आखूड, दणकट आणि दुर्बीण पक्की बसवलेलं उपकरण बनवलं. तीच डम्पी. सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्या आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी कॉलेजच्या मैदानात हिच्यावर हात बसवला. तीन पायांचा स्टँड, चार मीटरचा स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) धरून उन्हात उभा असलेला मित्र आणि लेव्हल बुकात शेवटी न जुळणारी बेरीज.

भारतात याच सुमारास दुसरं एक मोठं काम सुरू होतं. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा (त्रिकोणांची पहिली बाजू) मोजली आणि त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. त्यातून ठिकाणांचं स्थान निश्चित झालं, पण उंचीचा अचूक हिशेब स्वतंत्रपणे करावा लागला. १८५८ पासून अर्धशतकभर सर्व्हे ऑफ इंडियाची पथकं पट्टी आणि दुर्बीण घेऊन देशभर फिरली. मुंबईचं अपोलो बंदर, कारवार, कोचीन, मद्रास अशा नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून समुद्राची सरासरी पातळी धरली गेली आणि १९०९ मध्ये सगळी आकडेमोड एकत्र बांधली गेली. आजही सरकारी नकाशावर ‘समुद्रसपाटीपासून इतके मीटर’ लिहिलेलं असतं, त्याच्या मुळाशी ही पायपीट आहे. जुन्या पुलावर किंवा सरकारी इमारतीच्या पायथ्याशी कोरलेली बेंचमार्कची (उंची ठरवून ठेवलेली) खूण दिसली तर ती सिमेंटने लिंपू नये, एवढं तरी आपण करावं. ती हरवली की पुढच्या सर्वेक्षकाला दूरच्या खुणेपासून नव्याने पातळी आणावी लागते.

डम्पीत बुडबुडा सतत सांभाळावा लागे. १९५० मध्ये त्सायस कंपनीची एनआय २ ही ऑटो लेव्हल आली आणि ही कटकट सरली. आतला प्रकाशमार्ग लोंबत्या कॉम्पेन्सेटरवर (स्वतःच्या वजनाने सरळ राहणाऱ्या भागावर) बसवलेला असल्याने उपकरण थोडं तिरकं राहिलं तरी दृष्टिरेषा आपोआप आडवी येते. स्वतःची पातळी स्वतः धरणं ही कल्पना इथून पक्की झाली आणि पुढे लेझर लेव्हलनेही तिचाच आधार घेतला.

आता लेझर. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमनने कॅलिफोर्नियात माणिकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. त्याच वर्षाच्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत अली जावान आणि सहकाऱ्यांनी हेलियम-निऑन वायूचा लेझर चालवला. तो सलग चालत असे, पण अवरक्त होता, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. १९६२ मध्ये त्याचा लाल किरण मिळाला आणि बांधकामाच्या दृष्टीने खरी सुरुवात झाली. सरळ जाणारी, लांबवर फारशी न पसरणारी आणि डोळ्याला दिसणारी रेषा सर्वेक्षकाच्या हाती आली. त्याच १९६२ मध्ये कोयनेची पहिली वीज निर्माण झाली. ते धरण, ते बोगदे, ते भूमिगत वीजगृह थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र), दुर्बीण, पट्टी आणि माणसांच्या नजरेवर उभं राहिलं. लेझरच्या काळात वाढलेल्या तरुण अभियंत्यांनी एकदा कोयनानगरला जाऊन हे ध्यानात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

लेझर शेतात फार लवकर उतरला, याचं अनेकांना नवल वाटतं. ओहायोतल्या डेटनच्या रॉबर्ट स्टुडबेकर यांनी साठच्या दशकात लेझर गोल फिरवून संपूर्ण शेतावर प्रकाशाची एक सपाट पातळी पसरवण्याची पद्धत आणली. त्याच दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या ओहायोतल्या संशोधकांनी जमिनीखाली निचऱ्याचे पाइप टाकणाऱ्या यंत्राची खोली लेझरने आपोआप राखून दाखवली. यंत्राच्या खांबावरचा रिसीव्हर किरण पकडतो, किरण वर-खाली सरकला की हायड्रॉलिक झडप उघडते आणि पातं आपल्या जागी येतं. चालकाला डोळ्याने अंदाज बांधावा लागत नाही.

मात्र हेलियम-निऑनची नळी काचेची, लांबलचक आणि महाग. ती गवंड्याच्या पिशवीत येणं शक्यच नव्हतं. अर्धवाहकातून लेझर काढण्याचं काम १९६२ मध्येच सुरू झालं होतं, १९७० मध्ये तो सामान्य तापमानाला सलग चालला आणि पुढे सीडी प्लेअरच्या निमित्ताने त्याचं उत्पादन प्रचंड वाढलं. दिसणाऱ्या लाल रंगाचे डायोड, म्हणजे अर्धवाहकाचे हे छोटे लेझर, स्वस्त झाले तशी आजची लाइन लेझर शक्य झाली. तिच्या आत एक छोटा लोलक लोंबतो, चुंबकाने त्याचं डोलणं थांबतं, त्याच्यावर डायोड बसवलेले असतात आणि प्रत्येकापुढे दंडगोल भिंग असतं. भिंग ठिपक्याचं पंख्यासारखं पान करतं, ते पान भिंतीला भिडलं की रेषा उमटते. पेटी साधारण चार अंशांहून जास्त तिरकी असेल तर लोलक टेकतो आणि रेषा लुकलुकून सांगते की माझ्यावर विसंबू नका.

हिरवा रंग शेवटी आला, कारण हिरवा प्रकाश थेट देणारा डायोड बनवणं अवघड होतं. आधी अवरक्त किरणाची वारंवारिता दुप्पट करून हिरवा मिळवत, त्यात बॅटरी पटकन उतरे आणि उष्णता-थंडीचा त्रास होई. २००९ च्या सुमारास थेट हिरवे डायोड तयार झाले. आपल्या डोळ्याला लालपेक्षा हिरवा अधिक दिसतो, तेवढ्याच शक्तीची हिरवी रेषा साधारण तिप्पट उजळ भासते. आज हार्डवेअरच्या दुकानात फरशीवाले आणि पीओपीवाले किती रेषा पाडते त्यावरून ‘बारा लाइन’, ‘सोळा लाइन’ असंच मागतात. भर उन्हात मात्र हिरवीही दिसत नाही, तिथे किरण पकडणारा डिटेक्टर लावून त्याच्या आवाजावर काम करावं लागतं.

माझं स्पष्ट मत आहे की लेझर घेणाऱ्याने पहिल्या दिवशीच ती तपासून पाहावी आणि पडली-झडली की पुन्हा तपासावी. एकमेकांपासून दहा मीटरवर समोरासमोर दोन भिंती घ्या. लेझर पहिल्या भिंतीला खेटून ठेवा आणि दोन्ही भिंतींवर खुणा करा. मग ती दुसऱ्या भिंतीला नेऊन रेषा तिथल्या खुणेवर बसवा आणि पहिल्या भिंतीकडे पाहा. रेषा आधीच्या खुणेपासून जितकी सरकली असेल, त्याच्या निम्मी चूक दहा मीटरला आहे. साध्या लेझरला दहा मीटरला तीन मिलिमीटर चूक चालते, म्हणजे सरक सहा मिलिमीटरच्या आत हवी. लांब पल्ल्याच्या फिरत्या लेझरला आणखी एक मर्यादा पडते. पृथ्वी गोल असल्याने सरळ किरण ३०० मीटरवर खऱ्या पातळीपेक्षा सात मिलिमीटर वर जातो, किलोमीटरवर आठ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणूनच बेंचमार्क आणायला आजही ऑटो लेव्हलच काढतात आणि उपकरणापासून पुढच्या आणि मागच्या पट्टीचं अंतर सारखं ठेवून ही चूक कापून टाकतात.

आमच्या भागाचा सर्वांत गंभीर प्रश्न लेझरशी जोडलेला आहे, तो मात्र घरांचा नाही. कृष्णा-वारणेकाठच्या काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षं पाट भरून पाणी दिलं, नाले बुजले, पाण्याची पातळी वर आली आणि वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांत रानं क्षारपड झाली. पांढरी पडलेली रानं पाहून आजही पोटात कालवतं. उपाय माहीत आहे : मीटर-दीड मीटर खोल, फिल्टरचं कापड गुंडाळलेले सच्छिद्र पाइप टाकायचे, ते मोठ्या पाइपला जोडायचे आणि क्षारांचं पाणी नाल्यात सोडायचं. पाइपाचा ढाळ शंभर मीटरला दहा ते तीस सेंटिमीटर. मध्ये कुठे पाइप खाली बसला किंवा उलटा ढाळ आला की गाळ साठतो आणि पुढचं सगळं जाळं बंद पडतं. डोळ्याने आणि दोरीने हा ढाळ एकरभर राखणं फार कठीण, ओहायोत साठच्या दशकात लेझर आणली ती नेमकी यासाठी.

भारतात शेत सपाट करणारी लेझर २००१ मध्ये पश्चिम उत्तर प्रदेशात आली आणि भात-गव्हाच्या पट्ट्यात झपाट्याने पसरली. ट्रॅक्टरमागची बकेट उंचवट्याची माती खरवडते आणि खळग्यात भरते, शेवटी शेत दोन-एक सेंटिमीटरच्या फरकात सारखं येतं. ती पद्धत इथे जशीच्या तशी उचलू नये. भाताला सपाट शेत हवं असतं. काळ्या रानात पाणी तुंबू नये म्हणून नाल्याकडे हलका उतार हवा. उतार धरणारे लेझर ट्रान्समीटर (किरण फिरवणाऱ्या पेट्या) मिळतात, तेच घ्यावेत. आणि निचऱ्याचे पाइप टाकायचे असतील तर आधी ऊस निघाल्यावर, पावसापूर्वी, सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून नाल्याच्या तळापासून लेव्हल काढावी. एकाच्या रानाची लेव्हल घेऊन भागत नाही, कारण त्याचं पाणी जाणार असतं शेजाऱ्याच्या बांधाखालून. नाल्याचा तळ पाइपाच्या तोंडापेक्षा खाली असेल तरच पाणी आपोआप बाहेर पडेल, नसेल तर आधी नाला खोल करायचा किंवा तोंडाशी विहीर घेऊन पंप बसवायचा.