चीजच्या उरलेल्या पाण्यावर बाइक कशी चालते?

न्यूझीलंडमध्ये गाड्या दुधावर चालतात असं कोणी सांगितलं की लोक एकतर हसतात नाहीतर लगेच फॉरवर्ड करतात, आणि दोन्ही चूकच. इथेनॉल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ऊस आणि मळी येते, पण न्यूझीलंडमध्ये उसाची शेती नाही, गायी मात्र भरपूर. तिथली फॉन्टेरा ही डेअरी कंपनी चीज आणि केसिन (दुधातलं एक प्रोटीन) काढल्यावर जे पाणी उरतं, ज्याला व्हे म्हणतात, त्यापासून इथेनॉल बनवते. २००७ साली गल या पेट्रोल कंपनीने हेच इथेनॉल १०% मिसळून ९८ ऑक्टेनचं पेट्रोल पंपावर आणलं. आयर्लंडमध्ये कार्बरी कंपनी तर १९७८ पासून व्हेपासून अल्कोहोल काढतेय.

म्हणजे यात दूध कोणी जाळत नाही. साधारण १० लिटर दुधातून १ किलो चीज निघतं आणि ९ लिटरच्या आसपास व्हे उरतं. ते नदीत सोडलं तर त्यातली साखर खायला बॅक्टेरिया तुटून पडतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. त्यातलं प्रोटीन आधीच गाळून जिमवाल्यांच्या डब्यात जातं, मागे राहतं पाणी, क्षार आणि साडेचार-पाच टक्के लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर.

आता खरी गंमत. ब्रेड फुगवणारं नेहमीचं यीस्ट या पाण्यात टाकलं तर ते समोर साखर असून उपाशी राहतं! लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडगोळी. ती पेशीत आत घ्यायला पेशीच्या पटलात (मेम्ब्रेनमध्ये) दार लागतं आणि आत आल्यावर तोडायला कात्री लागते, आणि या यीस्टकडे दोन्ही नाही. क्लुइव्हेरोमायसेस नावाच्या दुसऱ्या यीस्टकडे मात्र दोन्ही आहे, परमीएज हे दार आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेज ही कात्री (दूध न पचणाऱ्या माणसांच्या आतड्यात याच कामाचं एन्झाइम कमी पडतं). तुटलं की ग्लुकोज सरळ वापरात जातं, गॅलॅक्टोजला आधी फॉस्फेट लावून, मग यूडीपी या वाहक रेणूची अदलाबदल करून ग्लुकोज-१-फॉस्फेट बनवावं लागतं, याला लेलॉयर पाथवे म्हणतात, आणि पुढे दोघांचं पायरुव्हेट, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून अॅसिटाल्डिहाइड, आणि शेवटी इथेनॉल. हिशोब असा की लॅक्टोजच्या एका रेणूतून इथेनॉलचे ४ आणि कार्बन डायऑक्साइडचे ४ रेणू, म्हणजे ३४२ ग्रॅममधून जास्तीत जास्त १८४ ग्रॅम.

मूळ साखरच कमी, त्यामुळे आंबवून झाल्यावर अल्कोहोल जेमतेम अडीच-तीन टक्के. बाकी सगळ्या पाण्यापासून ते उकळून वेगळं करायचं, आणि तेही ९५-९६ टक्क्यांवर अडतं, नुसत्या डिस्टिलेशनने पुढे जात नाही. उरलेलं पाणी झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकवून काढतात, तिथे पाण्याचा रेणू शिरतो, इथेनॉलचा शिरत नाही. म्हणून फुकटच्या कचऱ्यातून फुकट पेट्रोल वगैरे जाहिरातबाजी वाचली की मला राग येतो, या उकळण्याला ऊर्जा लागते, ती कोण देणार?

तयार झालेलं इथेनॉल उसाचं की दुधाचं, हे इंजिनला कळत नाही, रेणू तोच. लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणून १०% मिश्रणात अॅव्हरेज तीनेक टक्के कमी पडतं. रेणूत आधीच ऑक्सिजन असल्यामुळे मिक्श्चर थोडं लीन (हवा जास्त, इंधन कमी) होतं, इंजेक्शनवाली बाइक सेन्सर बघून ते सांभाळून घेते, जुन्या कार्बोरेटरला ते जमत नाही.

पण बाइकला खरा त्रास पाण्याचा. मोजपात्रात ९० मिली असं पेट्रोल घ्या, १० मिली पाणी घाला, हलवून ठेवा, खालचा थर १० चा राहत नाही, १८-१९ च्या आसपास जातो, कारण इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे पळतं. (हे मोकळ्या हवेत, आगीपासून लांब.) टाकीत तेच होतं, अर्ध्या टक्क्याच्या आसपास पाणी शिरलं की थर वेगळे होतात. कॉक टाकीच्या तळाशी असतो, मग इंजिन आधी तोच खालचा थर ओढतं आणि गाडी स्टार्टच होत नाही. पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधून हे सुधारतं म्हणणाऱ्यांकडून काही विकत घेऊ नका. बाइक महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा म्हणजे ओलसर हवेला जागा उरत नाही, आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.