एच प्रतिजन घडवणारे एन्झाइम आणि बॉम्बे रक्तगट: पार्श्वभूमी

एफयूटी१ हे एन्झाइम पेशीच्या गॉल्जी यंत्रणेत बसलेले असते आणि एकच काम करते. जीडीपी-फ्युकोज या पुरवठादार रेणूकडून फ्युकोज ही साखर घ्यायची आणि शर्करासाखळीच्या टोकाला असलेल्या गॅलॅक्टोजच्या दुसऱ्या कार्बनवर ती अल्फा जोडणीने बसवायची. या जोडणीने तयार होणारे टोक म्हणजे एच प्रतिजन, लाल पेशीवरची प्रतिपिंडाला ओळखता येणारी खूण. पुढे ए गटाचे एन्झाइम त्यावर एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामाइन चढवते, बी गटाचे गॅलॅक्टोज चढवते, आणि ओ गटात काहीच न चढल्यामुळे एच उघडा राहतो. म्हणून ओ पेशींवर एच सर्वाधिक आणि ए१बी पेशींवर (ए१ हा ए गटाचा जोरकस, तर ए२ हा सौम्य उपप्रकार) सर्वांत कमी सापडतो. फ्युकोजच नसेल, तर ए आणि बी एन्झाइमे शाबूत असूनही त्यांना काम करायला जागा मिळत नाही.

हा क्रम उलगडायला अर्धे शतक लागले. लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगट दाखवले. बर्नस्टाइनने १९२४ मध्ये एकाच जागेवरच्या ए, बी आणि ओ या तीन पर्यायी जनुकांनी त्यांची आनुवंशिकता समजावली. त्या काळच्या विचारात जनुक म्हणजे जवळजवळ थेट प्रतिजनच, आणि ओ जनुकाचाही स्वतःचा प्रतिजन असणार असे गृहीत धरलेले. अडचण अशी की ओ पेशींना गोळा करणारी (म्हणजे एकमेकींना चिकटवणारी) रक्तजले, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारे प्रतिपिंडयुक्त द्रव, ए२ पेशींनाही गोळा करत, आणि ओ जनुक नसलेल्या काही पेशींशीही थोडीफार प्रतिक्रिया देत. म्हणजे हा पदार्थ ओ जनुकाचा नव्हता, सगळ्यांच्या तळाशी असलेला होता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी त्याला एच असे वेगळे नाव दिले. १९५२ मध्ये त्यांनी ईल माशाच्या रक्तजलातल्या अँटी-एचमध्ये, म्हणजे एचला पकडणाऱ्या घटकात, साध्या साखरा एकेक करून मिसळल्या. एल-फ्युकोजने प्रतिक्रिया थांबली. प्रतिजनाची ओळख साखरेत आहे, हे त्यातून पुढे आले.

त्याच वर्षी मुंबईहून भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी, सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह, ‘लॅन्सेट’मध्ये तीन व्यक्तींचा अहवाल दिला. त्यांच्या पेशी अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-एच यांपैकी कशानेच गोळा होत नव्हत्या, तर त्यांच्या रक्तजलात हे तिन्ही प्रतिपिंड होते. परिणामी ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नव्हते. हाच बॉम्बे रक्तगट.

बिघाड नेमका कुठे, हा खरा पेच सुटला १९५५ मध्ये, लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी अभ्यासलेल्या एका कुटुंबात. आई तपासणीत ओसारखी, वडील ए, आणि मूल एबी. बी वडिलांकडून येणे अशक्य, तेव्हा ते आईकडूनच आले. ते तिच्याकडे होते, पण दिसत नव्हते. त्यामुळे बॉम्बे गटाला ‘एबीओचा दुर्मिळ प्रकार’ म्हणणे सोयीचे असले तरी चूक आहे. बिघाड एबीओ जनुकात नाहीच. ते नवव्या गुणसूत्रावर आहे, एफयूटी१ एकोणिसाव्यावर, आणि एच ही स्वतंत्र रक्तगटप्रणाली मानली जाते. १९५९ मध्ये वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी टप्प्याटप्प्याच्या जोडणीचा आराखडा मांडला: जनुक एन्झाइम बनवते आणि एन्झाइम साखर जोडते. १९७२ मध्ये बॉम्बे व्यक्तींच्या रक्तजलात ए आणि बी एन्झाइमे प्रत्यक्ष सापडल्यावर हा आराखडा पक्का झाला.

लाळेतला एच मात्र बराच काळ गोंधळ घालत राहिला. त्याचे नियंत्रण करणारे सिक्रेटर जनुक एच जनुकाचा नुसता ‘स्विच’ आहे, असे मानले जाई. १९८१ मध्ये ओरिओल आणि सहकाऱ्यांनी ते दुसरेच एन्झाइम बनवणारे शेजारचे जनुक असावे, असे सुचवले, आणि ते बरोबर निघाले. लोव्ह यांच्या गटाने मानवी डीएनए उंदराच्या पेशींत घालून, पृष्ठभागावर एच दाखवणाऱ्या पेशी अँटी-एचने निवडल्या. त्या मार्गाने १९९० मध्ये ३६५ अमिनो आम्लांच्या एफयूटी१ची रचना मिळाली. एफयूटी२, म्हणजेच ते सिक्रेटर जनुक, १९९५ मध्ये हाती आले. भारतीय बॉम्बे गटाचे कारण १९९७ मध्ये स्पष्ट झाले: एफयूटी१ जनुकात ७२५व्या जागी टी या डीएनए-अक्षराऐवजी जी, म्हणून एन्झाइमात २४२व्या स्थानी ल्युसीनऐवजी आर्जिनीन, आणि त्याच गुणसूत्रावर एफयूटी२ गायब. दोन्ही दोष एकत्रच वारशाने येतात, म्हणून या व्यक्तींच्या लाळेतही एच नसतो.

रक्तपेढीत या इतिहासाचा उपयोग रोजचा आहे. फक्त पेशी तपासल्या तर बॉम्बे हुबेहूब ओ दिसतो. उलट तपासणीत, म्हणजे व्यक्तीचे रक्तजल ज्ञात गटाच्या पेशींवर तपासताना, ए आणि बी पेशीच वापरल्या तरीही तसाच दिसतो, कारण दोन्ही गोळा होणे ओ गटालाही अपेक्षित असते. म्हणून तिसऱ्या नळीत ओ पेशी हव्यातच. त्या जोरात गोळा झाल्या, स्वतःच्या पेशींची नळी मात्र स्वच्छ राहिली, तर युलेक्स युरोपियस या वनस्पतीच्या बियांपासून काढलेले अँटी-एच लेक्टिन (साखरेला चिकटणारे प्रथिन) लावायचे. ओ पेशी गोळा होतात, बॉम्बे होत नाहीत. स्वतःच्या पेशीही गोळा झाल्या तर आधी शीत स्वप्रतिपिंडाचा (थंडीत स्वतःच्याच पेशींवर चालणाऱ्या प्रतिपिंडाचा) संशय घ्यावा. बॉम्बेतला अँटी-एच ३७ अंश सेल्सिअसलाही काम करतो आणि पूरक प्रथिनांच्या मदतीने पेशी फोडतो. त्यामुळे ‘थंडीतली प्रतिक्रिया’ म्हणून तो बाजूला टाकून ओ रक्त चढवले, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. चालते ते फक्त दुसऱ्या बॉम्बे दात्याचे रक्त.

पॅरा-बॉम्बे आणखी फसवा. तिथे एफयूटी१ मोडलेले, पण बहुधा एफयूटी२ चालू असते. रक्तद्रवातले थोडे एच, ए किंवा बी पेशींवर चिकटते, आणि साध्या तपासणीत ते निसटते. अशा वेळी प्रतिपिंड पेशींवर शोषून पुन्हा सोडवून घ्यावे लागते. लाळेची चाचणीही करता येते, मात्र लाळ आधी उकळून घ्यावी. नाहीतर तिच्यातली एन्झाइमे जे शोधायचे तेच तोडून टाकतात आणि निकाल खोटा नकारात्मक येतो.