रामटेकची भटकंती

नागपूर जिल्ह्यातील रामटेक हे तालुक्याचे गाव आणि त्यालगतची गडमंदिराची टेकडी यांभोवतीचे पर्यटन व तीर्थाटन. नागपूरच्या ईशान्येला सुमारे ५० किमी. एसटी आणि रेल्वे दोन्ही जातात, त्यामुळे नागपूरकरांची ही सकाळी निघून संध्याकाळी परतण्याची सहल. गाडी थेट गडाजवळ पोचते, म्हणून बहुतेक जण दर्शन आटोपून लगेच खिंडसी जलाशयाकडे वळतात. टेकडी कळते ती मात्र अंबाळ्याकडून पायी चढले तरच.

अंबाळा तलावाच्या काठाने घाट आणि लहानमोठी देवळे आहेत. अस्थिविसर्जनासाठी लोक येथे येतात. एका पायरीवर क्रियाकर्म चाललेले आणि पलीकडे शाळेच्या सहलीचा गलका, हे येथे कोणालाच खटकत नाही. इथून दगडी पायऱ्यांची वाट गडावर जाते. माकडे भरपूर आणि धीट. चण्याफुटाण्यांची पुडी हातात दिसली की ती गेलीच. प्रसाद पिशवीत, पिशवी बंद.

गडाला तटबंदी असून वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ असे दरवाजे ओलांडत आत जावे लागते. वराह दरवाजाशी एकाच दगडात कोरलेला भलामोठा वराह उभा आहे. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघायचे, पापी असेल तो अडकतो, अशी समजूत. पोरे सहज निसटतात. मोठी माणसे आधी आजूबाजूला कोण पाहते आहे ते बघतात. आतील देवळांत आधी लक्ष्मणाचे आणि मग रामाचे दर्शन घेतात. लक्ष्मण मंदिरात यादवराजा रामचंद्राच्या काळातील शिलालेख आहे. नागपूरकर भोसल्यांनी या देवस्थानाला मोठा आश्रय दिला.

याहून जुने आणि खरे तर अधिक मोलाचे काही याच टेकडीवर आहे, पण तिकडे गर्दी नसते. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही तांबड्या वालुकाश्मातील दोन ठेंगणी मंदिरे पाचव्या शतकातील, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याच्या काळातील. केवल नरसिंहाच्या भिंतीवरील लेखाचा संबंध गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी व वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्याशी लावला जातो. महानुभाव पंथीयांचे भोगराम हे स्थानही इथलेच. कालिदासाच्या मेघदूतातील यक्षाचा रामगिरी म्हणजे रामटेकच, हे मत इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. कालिदासाचे स्मारक टेकडीवर उभारले आहे आणि १९९७ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या संस्कृत विद्यापीठालाही त्याचेच नाव आहे. आषाढाचे पहिले ढग पाहायला गडाच्या तटावर उभे राहावे. पाऊस दुरून येताना दिसतो आणि आडोसा शोधेपर्यंत भिजवून जातो.

वर्षातील मोठी गर्दी कार्तिकात. वैकुंठ चतुर्दशीला गावातून देखाव्यांची शोभायात्रा निघते आणि त्रिपुरी पौर्णिमेला जत्रा भरते. पौर्णिमेच्या मध्यरात्री देवळाच्या माथ्यावर टिपूर जाळतात. रामाच्या अंगावरचे जुने पीतांबर त्यात पेटवले जाते. ज्योत दिसली की खालच्या गर्दीतून रामनामाचा गजर उठतो. रामनवमीलाही यात्रा असते, पण तेव्हा विदर्भाचे ऊन तापलेले असते.

गावात शांतिनाथाचे मोठे जैन मंदिर आहे. रामटेकचे कपुरी पान पूर्वीपासून नावाजलेले. पानमळे राखणारे बरई हा इथला जुना व्यवसाय-समाज. जवळच्या खिंडसी जलाशयावर नौकाविहार चालतो. सुटीच्या दिवशी रांग लागते. सकाळी लवकर गेल्यास पाणी आणि डोंगर निवांत पाहता येतात.

आणखी वेळ असेल तर नगरधन पाहावे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे मानतात. भोसल्यांच्या काळातील भुईकोट किल्ला आज उभा आहे आणि उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची, शंख असलेली मातीची मुद्रा सापडली आहे. मनसरच्या हिडिंबा टेकडीवर विटांच्या भव्य वास्तूचे अवशेष उघडे पडले आहेत. तिथे सावली नाही, पाणी जवळ ठेवावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा पायी फिरण्याचा काळ. एप्रिल-मेमध्ये जायचेच असेल तर पायऱ्या उजाडताच चढाव्यात आणि नऊच्या आत उतरावे.