व्हाइटबोर्ड मुलाखत

सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या निवडीत उमेदवाराला परीक्षकासमोर, साधारण पाऊण तासात, फळ्यावर कोड लिहून दाखवायला लावण्याची पद्धत. आता फळ्याची जागा बहुधा ऑनलाइन एडिटरने घेतली आहे. त्याआधी कोड्यांचा जमाना होता: 'मॅनहोलचे झाकण गोल का असते?' हा मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींतला गाजलेला प्रश्न. असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, अशी कबुली गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये दिली.

चाळणी इतकी बारीक का, हे आकड्यांत पाहिले की कळते. समजा, हजार अर्जदारांत खरे लायक ५० आहेत. एका फेरीत लायकांपैकी ८० टक्के पास होतात आणि बाकीच्यांपैकी १० टक्के चुकून निसटतात. म्हणजे पुढे गेले ४० लायक आणि ९५ बिनकामाचे! म्हणून दुसरी फेरी. तीही तशीच चालली तर ३२ लायक उरतात आणि बिनकामाचे जेमतेम दहा. कंपनीच्या दृष्टीने सौदा चोख, कारण चुकीचा माणूस एकदा आत आला की निस्तरणे महागात पडते. वाटेत गळालेले १८ जण मात्र कुठल्याच हिशेबात येत नाहीत. नाकारलेला माणूस दुसरीकडे काय करून दाखवतो हे सहसा कोणी तपासत नाही, त्यामुळे चाळणीला आपली ही चूक कधी दिसतच नाही.

'होमब्रू' या सॉफ्टवेअरचा कर्ता मॅक्स हॉवेल याचा किस्सा प्रसिद्ध आहे. गूगलचे बहुतेक अभियंते आपले सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री (माहितीची झाडासारखी मांडणी, जिच्यात प्रत्येक बिंदूला म्हणजे नोडला फार तर दोन फांद्या फुटतात) उलटा करता आला नाही म्हणून आपल्याला नाकारले, असे त्याने २०१५ मध्ये ट्विटरवर लिहिले. काम म्हणाल तर प्रत्येक नोडच्या डाव्या-उजव्या फांद्यांची अदलाबदल. सुचले तर पाच-सहा ओळी, नाही सुचले तर हातात नुसताच मार्कर. लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या संकेतस्थळावर शेकडो गणिते घोटलेल्याला ते झोपेतही येते. घोटायला रिकाम्या संध्याकाळी लागतात, आणि नोकरी व लहान मूल सांभाळणाऱ्याकडे नेमक्या त्याच नसतात.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दोन्ही गटांना फळाच दिला. एका गटासमोर परीक्षक होता, दुसरा गट खोलीत एकटा. परीक्षक पाहत असताना कामगिरी निम्म्याहून खाली घसरली.