अकरावी-बारावीच्या मुलांचा स्वतःचा ट्रेकिंग ग्रुप नाशिकात रजिस्टर करायचाय? पात्रता, कागदपत्रं, अर्ज

सोळा ते एकोणीस वयाची मुलं स्वतः ट्रेक ठरवणार, स्वतः लीड करणार आणि मोठी माणसं गरजेपुरती सोबत, असा ग्रुप काढायचा म्हटलं की पहिली अडचण वयाची येते. १८ पूर्ण नसतील तर १८७२ च्या करार कायद्यानुसार तुम्हाला करारच करता येत नाही, त्यामुळे संस्थेचा अर्ज, बँकेचं खातं, बसवाल्याशी केलेला करार, सगळीकडे सही मोठ्यांचीच लागते. मग होतं काय, पालक मंडळी संस्था काढतात आणि ज्यांच्यासाठी काढली ती मुलं फी भरून ट्रेकला येणारी मेंबर होऊन बसतात. हे टाळता येतं पण अर्ज द्यायच्या आधीच टाळावं लागतं.

आधी बघा स्वतंत्र संस्था खरंच हवीय का. कॉलेजच्या चार-पाच मित्रमैत्रिणींना सुरुवातच करायची असेल तर केंद्र सरकारच्या माय भारत पोर्टलवर नोंदणी करा, १५ ते २९ वयोगटासाठी आहे, पैसे लागत नाहीत. दुसरं म्हणजे स्काउट-गाइडमध्ये मोठ्या मुलांसाठी रोव्हर आणि मुलींसाठी रेंजर असे विभाग आहेत, जिल्हा ऑफिसला जाऊन विचारायचं, तयार चौकट मिळते. पण ग्रुपच्या नावाने खातं, देणगी, दोर-हार्नेस-हेल्मेटची खरेदी हे सगळं करायचं असेल तर संस्था लागेलच.

संस्था नोंदणी १८६० च्या कायद्याखाली होते आणि सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंदणी, दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या नाशिकच्या ऑफिसलाच. कमीत कमी ७ सभासद हवेत, सगळे १८ च्या वरचे. शक्यतो सातही एकाच घरातले किंवा एकाच सोसायटीतले घेऊ नका, आणि कॉलेजात असलेली १८-१९ ची दोन-तीन मुलं सुरुवातीपासून घ्या, हे माझं ठाम मत आहे. नावाचे दोन-तीन पर्याय ठेवा कारण आधी नोंदलेल्या संस्थेशी मिळतंजुळतं नाव चालत नाही.

कागद असे: संस्थेचं विधानपत्र म्हणजे उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची यादी, नियमावली, सातही जणांच्या सह्या, त्यांचे ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे, संमतीपत्र, कामकाज बघायला एकाला दिलेलं अधिकारपत्र, शपथपत्र, आणि ऑफिसचा पत्ता ज्यांच्या घरी आहे त्यांचं ना हरकत पत्र वीजबिलासकट. पत्ता भाड्याच्या घराचा असेल तर घरमालकाचं ना हरकत पत्र घ्या, भाडेकरूचं नको. विश्वस्त नोंदणीचा अर्ज परिशिष्ट २ या ठरलेल्या नमुन्यात, संस्था स्थापन झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत. प्रत्येक कागदाच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा आणि सगळीकडे नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे एकच ठेवा, अर्जात त्रुटी निघते ती बहुतेक अशाच बारीक गोष्टींवरून.

आता नियमावली. बाजारात मिळणारा तयार नमुना जसाच्या तसा भरू नका प्लीज. त्यात 'युवा समिती' नावाचं स्वतंत्र कलम टाका. १५ ते २० वयाचे सभासद ही समिती दरवर्षी निवडतील, वर्षाचं कॅलेंडर तीच ठरवेल, खर्चाचा प्रस्ताव तीच मांडेल आणि कार्यकारी मंडळाला तो नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागेल. मात्र सुरक्षेच्या कारणावरून ट्रेक थांबवायचा अधिकार मोठ्यांकडेच ठेवा, तिथे तडजोड नको. आणि ट्रेक मुलांनीच चालवायचे हे संस्थेच्या उद्देशातही आत्ताच लिहा म्हणते कारण नंतर संस्थेचे उद्देश बदलायचे म्हटलं तर १० दिवसांची नोटीस देऊन खास सभा, त्यात तीन-पंचमांश मतं, मग महिन्याने परत सभा आणि परत तेवढीच मतं, एवढं सगळं करावं लागतं.

फी घेऊन मुलं डोंगरावर नेणार असाल तर राज्याचं ऑगस्ट २०२१ चं साहसी पर्यटन धोरण बघा, त्याखालची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, त्यांचं विभागीय ऑफिस नाशिकलाच आहे. इथे लीडरचं ट्रेनिंग, प्रथमोपचार, साहित्य, विमा हे सगळं बघितलं जातं, तेव्हा फाइल आधी तयार ठेवा आणि दोघांना तरी प्रथमोपचाराचा कोर्स करायला लावा, त्यातला एक युवा समितीतलाच हवा.

जागेची परवानगी वेगळी. अंजनेरी आणि बोरगड संवर्धन राखीव क्षेत्रात आहेत, कळसूबाई आणि रतनगड अभयारण्यात, हरिहरला पावसाळ्यात गर्दीमुळे वनविभाग बंधनं घालतो, म्हणून रात्रीचा कॅम्प किंवा मोठा ग्रुप असेल तर वनविभागाला आधी लेखी अर्ज द्या. तारीख, माणसं, गाडी नंबर, जबाबदार व्यक्तीचा फोन एवढं पुरतं. नवीन लीडरला पहिला सराव रामशेजवर द्या, जवळ आहे आणि उतरून लवकर घरी येता येतं. साल्हेर १५६७ मीटरचा आहे, तो नंतर.

१८ च्या खालच्या प्रत्येकासाठी दर ट्रेकला वेगळं पालक संमतीपत्र, वर्षाचं एकदाच घेतलेलं नको. त्यात रक्तगट, दमा-ॲलर्जी, चालू औषधं, दोन फोन नंबर. सोबत येणाऱ्या प्रत्येक दादा-ताईचं पोलीस पडताळणीचं चारित्र्य प्रमाणपत्र घ्या, शहरात राहणाऱ्यांचं पोलीस आयुक्तालयाकडून आणि त्र्यंबक-इगतपुरीकडच्यांचं ग्रामीण पोलिसांकडून. ओळखीचाच आहे म्हणून सोडू नका. मुली असतील आणि मुक्काम असेल तर एक मोठी ताई असल्याशिवाय निघायचंच नाही.

नोंदणी झाली की संस्थेचं पॅन, मग ठराव करून बँक खातं, दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून ऑडिट. आणि युवा समितीतलं जे कोणी १८ पूर्ण करेल त्याला पुढच्या निवडणुकीत कार्यकारी मंडळावर घ्या. तो बदल ९० दिवसांच्या आत परिशिष्ट ३ च्या नमुन्यात धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला कळवायचा असतो, सोबत सभेची नोटीस, इतिवृत्त आणि नव्या सभासदाचं संमतीपत्र जोडायचं.