पॅकेज पुनर्बांधणी (लिनक्स)

लिनक्सवर आधीच इन्स्टॉल असलेल्या सॉफ्टवेअरच्या फाइली गोळा करून पुन्हा इन्स्टॉल करता येईल असे पॅकेज (एकाच फाइलीत बांधलेला गठ्ठा) बांधणे, याला पॅकेज पुनर्बांधणी किंवा रोजच्या बोलीत ‘रिपॅक करणे’ म्हणतात. त्यासाठी सोर्स कोड लागत नाही, काही कंपाइलही करावे लागत नाही. मूळ पॅकेज फाइल कुठेच सापडत नाही, रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यातून) ती आवृत्ती हटवली गेली आहे किंवा अपग्रेड बिघडल्यास मागे फिरण्याची सोय हवी आहे, अशा वेळी हा मार्ग उपयोगी पडतो.

पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारे व काढणारे साधन) बारीक नोंदी ठेवतो म्हणून हे जमते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरणांमधील डीपीकेजी हा पॅकेज मॅनेजर प्रत्येक पॅकेजच्या फाइलींची यादी, कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलींची नावे आणि इन्स्टॉल करताना व काढताना चालणाऱ्या स्क्रिप्ट जपून ठेवतो. डेब फाइलीत, म्हणजे या वितरणांच्या पॅकेज फाइलीत, तरी दुसरे काय असते? फॉरमॅटचा क्रमांक (२.०), माहिती व स्क्रिप्टचे एक टार (अनेक फाइली एकत्र बांधलेली फाइल) आणि प्रत्यक्ष फाइलींचे दुसरे टार. पहिल्या टारचा मजकूर नोंदींतून मिळतो, दुसऱ्याचा डिस्कवरून.

डेबियनवर हे काम डीपीकेजी-रिपॅक हे साधन करते. ते मुळात जोई हेस यांनी लिहिले. ते डिस्कवरची फाइल आज जशी आहे तशी उचलते, आणि या पद्धतीतली मुख्य मेख इथेच आहे. समजा, वेब सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलीत पोर्ट ८० बदलून ८०८० केला आणि मग पॅकेज रिपॅक केले. ते दुसऱ्या मशीनवर टाकताच सर्व्हर ८०८० वर सुरू होतो, म्हणजे काम छान झाले असे वाटते. पुढे सर्व्हरची नवी आवृत्ती येते. एरवी हाताने बदललेली कॉन्फिग फाइल दिसली आणि नव्या पॅकेजात तिचा मजकूर वेगळा असला, तर डीपीकेजी थांबून विचारतो: तुमची ठेवू की नवी घेऊ? इथे मात्र बदललेली फाइलच ‘मूळ’ म्हणून नोंदली गेली आहे. चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) जुळतो, प्रश्न येत नाही आणि ८०८० मुकाट्याने पुसला जातो. साधनाच्या मॅन पेजमध्ये (मदतपानात) हा इशारा स्पष्ट दिलेला आहे. तो वाचल्याशिवाय रिपॅक केलेले पॅकेज चालू सर्व्हरवर टाकू नये.

फाइलींच्या मालकीचाही प्रश्न असतो. रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार न घेता फेकरूटखाली (तसे अधिकार असल्याचा आभास देणाऱ्या साधनाखाली) काम केले, तर रूटव्यतिरिक्त इतरांच्या मालकीच्या फाइलीही रूटच्या नावावर जातात. ते टाळण्यासाठी फेकरूटला ‘-यू’ पर्याय द्यावा लागतो.

आरपीएम हा पॅकेज प्रकार वापरणाऱ्या वितरणांसाठी आरपीएमरीबिल्ड हे साधन आहे. ते पॅकेजांच्या डेटाबेसातून स्पेक फाइल (पॅकेज कसे बांधायचे याची कृती) तयार करते, हवी तर ती हाताने दुरुस्त करू देते आणि पुढचे काम आरपीएमबिल्ड या पॅकेज बांधणाऱ्या साधनाकडे सोपवते. जेंटू या वितरणामधील क्विकपीकेजी हे साधन संरक्षित कॉन्फिग फाइली सांगितल्याशिवाय पॅकेजात घेतच नाही. हा निर्णय शहाणपणाचा आहे, कारण अशा फाइलींत पासवर्ड आणि खासगी किल्ल्या असू शकतात, आणि पॅकेज एकदा हातातून सुटले की ते कुठवर जाईल यावर ताबा राहत नाही.

यादीत नसलेले काहीच पॅकेजात येत नाही: सर्व्हिसने नंतर तयार केलेला डेटा नाही, लॉग नाहीत. अवलंबित्वांची (चालण्यासाठी लागणाऱ्या इतर पॅकेजांची) फक्त नावे येतात, ती पॅकेजे वेगळी रिपॅक करावी लागतात. जागा वाचवण्यासाठी मदतपाने गाळून बनवलेल्या कंटेनरमधून (वेगळ्या बंदिस्त लिनक्स वातावरणातून) रिपॅक केले, तर ती पानेही गेली ती गेलीच.

नवे पॅकेज मूळ फाइलीशी बाइट-दर-बाइट जुळेल अशी अपेक्षा नसते. चेकसम बदलतो आणि वितरकाची डिजिटल सही त्याला लागू होत नाही. आवृत्तीचा क्रमांक मात्र तोच राहू शकतो, म्हणून त्याला वेगळी खूण जोडलेली बरी. डीपीकेजी-रिपॅक आणि आरपीएमरीबिल्ड या दोन्हींत तशी सोय आहे. मूळ, सहीची साखळी शाबूत असलेली फाइल मिळत असेल तर तीच घ्यावी: आधी एपीटी या डेबियनच्या डाउनलोड साधनाची कॅशे (साठवून ठेवलेल्या फाइली) पाहावी, मग जुन्या आवृत्त्या जपणारा डेबियनचा स्नॅपशॉट संग्रह.