खारे वारे व मतलई वारे

समुद्रकिनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे ते मतलई वारे. वातावरणातील हालचालींची प्रतवारी त्यांच्या विस्तारावरून आणि आयुष्यावरून करतात. अंगणात पाचोळा फिरवणारी वावटळ काही मीटरांची आणि मिनिटभराची, चक्रीवादळ शेकडो किलोमीटरांचे आणि काही दिवसांचे, तर मोसमी वारे महिनोन्‌महिने टिकणारे. खारे-मतलई वारे यांच्या अधेमधे बसतात. त्यांचा पल्ला साधारण दहा ते शंभर किलोमीटरांचा आणि फेरा एका दिवसाचा असतो.

पाण्याची विशिष्ट उष्णता, म्हणजे ठरावीक वजन एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता, कोरड्या वाळूच्या सुमारे पाचपट असते. शिवाय ऊन पाण्यात खोलवर शिरते आणि लाटा ते पाणी घुसळत राहतात. त्यामुळे मार्चमधल्या दुपारी वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही, तेव्हाही शेजारचा समुद्र सकाळपेक्षा फार तर अंशभर तापलेला असतो. जमिनीवरची हवा तापून वर चढते, तिच्या जागी समुद्रावरची गार हवा येते आणि वरच्या थरातून हवा उलट समुद्राकडे परतते. हवेच्या दाबातला फरक एखाद्या हेक्टोपास्कलचाच (हे दाबाचे एकक), पण तेवढा पुरतो.

शालेय पुस्तकातल्या आकृतीत दोन्ही वाऱ्यांचे बाण सारख्याच लांबीचे काढतात, ते खरे नाही. रात्री जमीन आणि पाणी यांच्या तापमानातला फरक कमी असतो आणि जमिनीलगतची थंड हवा जड होऊन बसून राहते. म्हणून मतलई वारा दुबळा आणि उथळ असतो. तरीही शिडाच्या होड्या पहाटे त्याच्याच जोरावर समुद्रात जात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर परतत.

कोकणात खारा वारा दुपारच्या सुमारास सुरू होतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे तो हळूहळू उजवीकडे वळतो आणि संध्याकाळी बहुधा वायव्येचा होतो. मात्र हा वारा स्वतंत्र नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडचे मोठ्या पल्ल्याचे वारे जोरात असले, की मुंबईत तो उशिरा पोचतो. तोवर पारा चढत राहतो, कधी 38-39 अंशांपर्यंत. मग वारा फिरतो, नारळाच्या झावळ्या दुसऱ्या बाजूला झुकतात, हवा दमट होते आणि थोड्याच वेळात तापमान काही अंशांनी उतरते. मुंबईचे त्या दिवशीचे कमाल तापमान बरेचदा या वाऱ्याच्या वेळेवरच ठरते.

सह्याद्रीच्या उतारावर दिवसा वर चढणारे दरीतले वारे खाऱ्या वाऱ्याला येऊन मिळतात. एप्रिल-मेमध्ये घाटमाथ्यावर दुपारनंतर ढग दाटून वळीव कोसळतो, त्यात या बाष्पाचा वाटा असतो.

पावसाळ्यात मात्र हा फेरा जवळपास दिसत नाही. नैर्ऋत्येचा वारा रात्रंदिवस एकाच बाजूने वाहतो. तो ओसरला की ऑक्टोबरात पहाटे किनाऱ्यावर पुन्हा पाठीमागून, जमिनीकडून वारा लागू लागतो.